घाटात इको काढला तेव्हा

गाडी ऑटोमॅटिक असते, रस्ता नसतो. हे वाक्य मी राजुऱ्यात इतक्या लोकांना ऐकवलं की आता ते मलाच शिळं लागतं. तरी सुरुवात त्यानेच करतो. या दिवाळी अंकाचे संपादक भाऊ घरी आले अन म्हणाले, शामराव, तुमच्या धंद्यावर लिहा, बोलता तसंच लिहा. बोलतो तसं लिहिता येत नाही. पेन धरला की हात चौथीच्या वर्गात जाऊन बसतो. जमेल तसं लिहितो. गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं, पुढे कुठे तरी अनारशाची कृती असेलच.

मी ड्रायव्हर. जीप चालवली, कोळशाचा ट्रक चालवला, मग सायबांच्या गाड्या. उतारवयात या बिनक्लचच्या गाड्या आल्या अन मी मास्तर झालो. शोरूमचा पोरगा चावी देताना घाईघाईत सांगतो, हे पी, हे आर, हे एन, हे डी, अन हे गोल बटन फिरवलं की इको, नॉर्मल, स्पोर्ट. मग पेढा देतो, फोटो काढतो, टाळ्या वाजवतो. मालक गाडी घरी आणतो, फाटकाला ठोकतो, अन मला फोन करतो.

त्या गोल बटनाचं लोकांना फार कौतुक. त्यांना वाटतं बटन फिरवलं की इंजिन बदलतं. इंजिन तेच असतं. गिअरही तेच. बदलतो तो गाडीचा स्वभाव. मी शिकवताना बैलांवरून सांगत होतो, कारण आमच्या भागात बैल सगळ्यांना कळतो. स्पोर्ट म्हणजे शंकरपटातला, शर्यतीचा बैल. शेपटीला हात लागायची देर, सुटला. अॅक्सिलरेटर जरा दाबला की गाडी उसळते, खालच्या गिअरवर अडून बसते, वरचा गिअर घेतच नाही, अन पेट्रोल पाण्यासारखं पिते. इको म्हणजे धानाच्या चिखलणीतला हल्या, रेडा. तुम्ही दाबा कितीही, तो आपल्या चालीनं चालणार. गिअर लवकर लवकर वर टाकून देतो, इंजिनाला श्रम नको, पेट्रोल कमी. अन मधला नॉर्मल म्हणजे बाजाराच्या गाडीचा बैल, सांगितलं तेवढं करतो. यात चांगला वाईट कोणी नाही. सपाट रस्ता, रिकामी गाडी, कोणाला घाई नाही, तर इकोसारखं सुख नाही. पण हल्या शंकरपटात उतरवला अन पटाचा बैल चिखलात घातला तर हसू कोणाचं होईल?

शिकवण्याची माझी एक पद्धत होती. आधी डावा पाय बांधायचा. गंमत नाही सांगत. ज्यानं जन्मभर क्लच दाबला त्याचा डावा पाय आपोआप खाली जातो अन क्लचच्या जागी ब्रेक चेपतो. मागचा गाडीवाला मग येऊन आदळतो. म्हणून मी आपला दुपट्टा काढायचो अन गिऱ्हाइकाची डावी पोटरी सीटच्या खालच्या दांडीला बांधायचो. गडचांदूरचे कापडवाले काका बांधून घ्यायला तयार नव्हते.

"शामराव, मी गिऱ्हाईक हाव का चोर?"

"काका, पाय चोर हाय. तुमी साव हा."

"लोकं पायतील ना बाप्पा."

"पाहू द्या. डागदरानं पट्टी बांधली म्हना."

दोन दिवस बांधून चालवली, तिसऱ्या दिवशी पाय शहाणा झाला. पण दुसरी खोड गेली नाही. आमच्याकडे उतार लागला की गाडी न्यूटल करायची अन सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं म्हणतात. ट्रकवाले करतात, जीपवाले करतात, मीही केलं. काकांनी नव्या गाडीत जिवतीचा घाट उतरताना तेच केलं, दांडी एनमध्ये टाकली अन वरून मला हसून दाखवलं. एनमध्ये गेली की इंजिन गाडीला मागून धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. दोन वळणांत रबर जळाल्याचा वास आला. तिसऱ्या वळणावर मी दांडी डीत ओढली, मग बाजूला घेऊन मॅन्युअलमध्ये टाकली, वजाची खूण आहे तिकडे दोनदा ढकलली. गाडी घोंगावली अन सावरली. घाटाखाली उतरल्यावर काका चाकाजवळ उकिडवे बसून बराच वेळ धूर पाहत होते. मग म्हणाले, "वाचलेल्या पेट्रोलचा धूर होय हा." माणूस रसिक. त्यांच्यामुळे मला मॅन्युअलची सोय लक्षात राहिली, की ऑटोमॅटिक गाडीतही गिअर आपल्या हातानं धरून ठेवता येतो. नव्वद टक्के मालक ती दांडी बाजूला कधी घेतच नाहीत.

आता शेठची गोष्ट. त्यांची कापसाची जिनिंग आहे, एवढंच सांगतो. मी त्यांची गाडी शेवटपर्यंत चालवली. गाडी घेतली ती सगळ्यात महागाची, सगळ्या मोडची, अन पहिल्याच आठवड्यात त्यांनी खोक्याला लावतात ती तपकिरी चिकटपट्टी आणून ते गोल बटन इकोवर चिकटवून टाकलं.

"आता फिरणारच नाई," म्हणाले.

"शेठ, मंग तीन मोडची गाडी घेतली कायले?"

"असू देना. मोड असन तं विकाले भाव येते."

शिवाय मोबाइलवर त्यांना सगळं दिसायचं. गाडी कुठे आहे, कोणत्या मोडवर आहे, जोरात ब्रेक लावला का, एका लिटरमध्ये किती चालली. मी चंद्रपूरच्या चौकात कुत्रं वाचवायला ब्रेक दाबला की राजुऱ्यात त्यांच्या खिशात टिंग वाजायचं. बायको नवऱ्यावर ठेवत नसेल एवढी नजर. उन्हाळ्यात इकोचा आणखी एक जाच. इकोत एसीही हात आखडतो. थंड हवा येते, थांबते, येते, थांबते. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला हे कळणार नाही. शेठ मागे बसून रुमालानं मान पुसायचे अन म्हणायचे, "एसीत काही दम नाई या गाडीच्या." मी म्हणायचो, "हो ना."

माझी बायको वच्छला या गाडीत कधी बसली नव्हती. याच्या आधीच्याही कोणत्या सायबाच्या गाडीत नाही. ड्रायव्हरच्या बायकोनं बसायचं नसतं, हे कोणी लिहून देत नाही, सगळ्यांना माहीत असतं. ती काचेवर बोट फिरवून धूळ पाहायची अन म्हणायची, "घरातले भांडे कधी असे पुसले काय तुमी?" आम्हाला लेकरू झालं नाही. राजुऱ्यात भाड्याच्या खोलीत दोघंच. तिचं बोलणं तिखट, अन घरात बोलणारं दुसरं कोणी नाही, म्हणून सगळं मलाच.

मग तिची पाठ दुखायला लागली. आधी मलम, मग बंगाली डॉक्टरची सुई, मग चंद्रपूर. गाठ दुसरीकडेच होती, ती हाडात उतरली होती, कण्यात. डॉक्टरीण बाई चांगली होती. तिनं मला बाहेर बोलावलं अन सरळ सांगितलं की आता करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या, दुखणं कमी करायच्या गोळ्या देते. अन एक सांभाळा, म्हणाली, धक्का लागू देऊ नका. कणा आतून पोकळ झालाय. जोरात हिसका बसला तर मोडेल, अन मग राहिलेले दिवसही तिला नुसतं ओरडण्यात जातील.

वच्छलेला कोणी काही सांगितलं नाही, पण ती ओळखून होती. म्हणाली, "खोलीवर नका नेऊ मले. सुमनकडे न्या."

सुमन तिची धाकटी बहीण. बापाचं घर अन दोन वावरं तिच्याकडे, वर पहाडावर, जिवतीच्याही पुढे. वच्छलेचं माहेर तेच. म्हणजे चंद्रपूर ते राजुरा कोळशाच्या ट्रकांनी फोडलेला रस्ता, राजुरा ते गडचांदूर सिमेंटच्या ट्रकांनी फोडलेला रस्ता, अन पुढे घाट. धक्का लागू न देता.

दवाखान्याची गाडी मिळत होती. मी जाऊन पाहिली. मागच्या चाकांच्या स्प्रिंगच्या पाट्या लोखंडी, घट्ट बसवल्या तरी खडखडतात. ड्रायव्हरला विचारलं, घाटात कशी चालवता? तो म्हणाला, "घाटात का, दाबून." मी तिथूनच शेठकडे गेलो. जन्मात पहिल्यांदा मालकाला स्वतःसाठी गाडी मागितली. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं असं आता कधी कधी वाटतं, मनातला राग सरळ तरी राहिला असता. पण ते नाही म्हणाले नाहीत. चावी टेबलावर ठेवली.

"घेऊन जा शामरावभाऊ. हे काय विचाराची गोष्ट झाली काय? फक्त इको काढू नोका."

सकाळीच निघालो, ऊन चढायच्या आत. पुढची सीट पूर्ण मागे सरकवली, पाठ झोपवली, खाली गोधडी, कमरेला उशी. दोन वॉर्डबॉयनी चादरीसकट उचलून ठेवली. ती पडल्या पडल्या काचेतून वर पाहत होती. तिनं पदर गोळा करून दातात धरला होता. ते पाहिलं अन मला कळलं की आज मला मीटरचा काटा पाहायचा नाही. हिचा जबडा पाहायचा.

ऑटोमॅटिकची एक गोष्ट खरंच चांगली. डीत टाकून ब्रेकवरून पाय हळूच उचलला की गाडी स्वतः रांगायला लागते. निघतानाचा हिसका नाही. थांबतानाही, अगदी थांबायच्या आधी ब्रेक थोडा सोडायचा, म्हणजे गाडी नाक खाली घालत नाही. हे मी सायबांच्या गाडीत शिकलो, त्यांचा चहा सांडू नये म्हणून. चंद्रपूर ते राजुरा इकोवरच आलो. सपाट रस्त्याला हल्याची चालच पाहिजे. खड्डा दिसला की दुरूनच पाय काढायचो, गाडी रांगत खड्ड्यात उतरायची, रांगत निघायची. मागून ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देऊन पुढे जात होते. मी जाऊ दिले. वच्छला एकदा म्हणाली, "पायदल गेलो असतो तं आतालोक पोचलो असतो." म्हणजे दुखत नव्हतं. दुखत असलं की ती बोलत नव्हती.

गडचांदूर सोडलं अन चढ लागला. इथे इकोनं आपलं खरं केलं. चढावर इको घाईघाईनं वरचा गिअर टाकतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला ओढवत नाही, गाडी मंदावते. मंदावली म्हणून तुम्ही दाबता. दाबलं की तो दचकून दोन गिअर खाली येतो, अन धाडकन झटका. परत वर, परत खाली. ज्याची पाठ धड आहे त्याला समजतही नाही. पहिल्या झटक्याला वच्छलेनं डोळे मिटले. दुसऱ्याला पदर तोंडातून सुटला अन घशातून एक आवाज आला. संसारात इतकी वर्षं काढली, तो आवाज मी ऐकला नव्हता. त्यात एसीनंही हात आखडला. तिच्या कपाळावरून घाम कानात ओघळत होता अन तिला मान हलवून पुसता येत नव्हता.

मी गाडी कडेला घेतली अन चिकटपट्टीत नख घातलं. उन्हानं पट्टी वितळून बसली होती, निघेना. दातानं काढली. बटन नॉर्मलवर घेतलं, दांडी बाजूला ओढून मॅन्युअल केली, दुसरा गिअर धरला. स्पोर्ट लावला नाही. स्पोर्टनं जोर येतो पण उसळी येते, पाय काढला की गाडी मागे खेचते, तेही हिसकेच. मला जोर नको होता. मला फक्त गिअर बदलायला नको होता. एसी पूर्ण आला. एकाच गिअरवर, पाय एका जागी धरून, चढायला लागलो. गाडी घोंगावत होती, पण पोटातलं पाणी हलत नव्हतं.

पहाडावर टॉवर कुठे म्हणजे कुठे लागत नाही. नेमका तिथे लागला अन शेठचा फोन आला. फोन माझा, पण आवाज गाडीच्या भोंग्यातून, म्हणजे तिलाही सगळं ऐकू.

"शामरावभाऊ, इको गेला दिसून राह्यला."

"हो शेठ. काढला."

"स्पोर्ट लावला काय?"

"नाई. नॉर्मल."

"काऊन?"

"घाट हाय शेठ."

"घाट हाय तं काय झालं? इकोत गाडी चढत नाई काय?"

"चढते. पन हलते."

"कोन हलते?"

"वच्छला."

 भोंग्यातून कोणी तरी शेठला हिशेब विचारत असल्याचा आवाज आला. मग शेठ म्हणाले, "बरं. पन वापस येतांना रिकामी गाडी राहीन, तवा तं इको लावा." अन ठेवला.

मला वाटलं वच्छला काही तिखट बोलेल. ती हळू आवाजात म्हणाली, "लावा ना त्यायचा इको. जाऊ द्या."

"तू पड."

"मंग बोलनं खाता तुमी. माह्यापायी कायले खाता? मी घेईन सहन करून."

"वच्छे, पड म्हनतो ना."

शेठचा मला राग आला नाही असं नाही. पण खरा संताप आला तो याचा, की कणा पोकळ झालेली बाई दुसऱ्याच्या मोबाइलवरच्या आकड्यासाठी झटके सोसायला तयार होती, अन तिला हे शिकवलं कोणी, तर माझ्या घरानं. मालक नाराज होतील, हे वाक्य मी जेवताना, झोपताना, सणावाराला तिच्यापुढे किती वेळा बोललो असेन.

घाट चढून वर आलं की मध्ये एक खोल उतार आहे, नाल्यापर्यंत. तिथे चुकलं असतं तर सगळं गेलं असतं, कारण उतारावर गिअर खाली टाकला की गाडीला मागून ओढ बसते. म्हणून उतार लागायच्या आधीच, सपाटीवर, गाडी रांगत असताना पहिला टाकला. झटका आला नाही. मग ब्रेकला पाय न लावता गाडी नुसती इंजिनाच्या धरण्यावर, म्हातारी पायऱ्या उतरते तशी उतरली. नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, पाणी नव्हतं. पलीकडे चढलो. मी तिच्याकडे पाहिलं. जबडा सैल होता. पदर छातीवर पडला होता. हात तिच्या नाकाशी नेला. श्वास चालू होता. ती झोपली होती. कित्येक आठवड्यांत ती बसल्या जागी पेंगली असेल, झोपली नव्हती.

सुमनच्या अंगणात गाडी उभी केली. इंजिन बंद केलं तसं तिनं डोळे उघडले.

"काऊन थांबले?"

"आलो ना."

"कुठी?"

"सुमनकडे. थे पाय, मोहाचं झाड."

तिनं मान न हलवता डोळे फिरवून पाहिलं. सुमन घरातून धावत येत होती, मागून तिचा नवरा खाट घेऊन. वच्छला माझ्याकडे पाहत राहिली.

"मले तं वाटलं गाडी उभीच हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "सायबायले असंच नेत होते काय तुमी? इतके वर्सं?"

"हो."

"अन मले कमांडरच्या मांगच्या फळीवर."

हे वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. लग्नानंतर बरीच वर्षं माझी कमांडर जीप याच रस्त्यानं चालत होती, राजुरा ते जिवती, भाड्याची. वच्छला माहेरी जायची ती माझ्याच जीपनं. पुढच्या जागेला भाव असतो, तिथे पाटील नाही तर मास्तर बसायचे. ड्रायव्हरची बायको मागे, टायर असतो त्याच्या बाजूच्या फळीवर, कोंबड्या अन पोत्यांच्या मध्ये. सगळे जीपवाले आपल्या बायकांना तिथेच बसवत. एकदा ती तीन महिन्यांची गरोदर असताना तशी गेली होती. घरी पोचल्यावर तिला रक्त गेलं. डॉक्टर म्हणाला त्याचा अन जीपचा संबंध नसेलही. पुढे परत दिवस राहिले नाहीत.

ती हे रागानं बोलली नाही. भाजीचा भाव विचारावा तसं बोलली. मग सुमनचे हात आत आले, चादर धरली गेली, अन मला बाजूला व्हावं लागलं.

पावसाळ्याआधीच ती गेली, त्याच घरात. शेवटपर्यंत कणा मोडला नाही, ओरडली नाही. लोक मला म्हणतात, शामराव, तू सेवा केली. त्या घाटाचं कौतुक करतात, मी काय सांगतो ते ऐकून नवी गाडी घेणारे बटन कुठे ठेवायचं ते विचारतात. मी सांगतो. सपाटीला इको, घाटाला नॉर्मल अन गिअर हातात, उतारावर एन कधीच नाही.

पण इको, नॉर्मल, स्पोर्ट, हे सगळं गाडीतलं. कमांडरला यातलं काही नव्हतं. तिच्यात फक्त माझा पाय होता, अन त्या पायाला हळू चालवता येत होतं. तेव्हाही येत होतं. पुढे बसलेल्या पाटलाच्या तोंडातलं पान सांडू नये म्हणून मी मोठे खड्डे चुकवायचोच.